होबार्टचं सोंग

डेटन, ओहायो
९ मार्च १९५८

प्रिय ओर्फा,

तुझं पत्र आणि वाळवलेल्या शेंगांची माळ, दोन्ही सुखरूप पोचली. माळ बघताच ऑर्विलने डोळे पुसले आणि म्हणाला, “आज टेनेसीला घरी गेल्यासारखं वाटतंय.” मग त्या शिजवल्यावर तीनदा वाढून घेतलं. तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

इथं एक गंमत झाली. शेजारच्या साबोबाई तुला माहीतच आहेत, मागल्या पत्रात लिहिलं होतं. हंगेरीतून छप्पनच्या बंडाच्या गडबडीत पळून आलेल्या. इंग्रजी शिकायचं म्हणून रोज माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतात आणि मी जे बडबडते तेच शुद्ध इंग्रजी समजून पाठ करतात. देव त्यांचं भलं करो. परवा कचऱ्याचा डबा बाहेर न्यायची वेळ झाली आणि ऑर्विलला नेमकी झोप लागली. मी म्हणाले, “बघा, पडला पॉसम होऊन!” बाई घाबऱ्या. त्यांना वाटलं, हा काही आजार आहे आणि मी डॉक्टरला बोलवायचं सोडून हसते आहे.

आता पॉसम समजावून सांगायचा म्हणजे काय सांगायचं? मांजराएवढं जनावर, राखाडी केस, उंदराची शेपटी, डुकरासारखं निमुळतं तोंड. कुत्र्याने धरलं की आडवं पडतं. जीभ बाहेर, दात विचकलेले, वर सडका वास. कुत्र्याला वाटतं मेलं, तो कंटाळून निघून जातो, आणि साहेब उठून चालू लागतात. म्हणून आमच्याकडे कामाच्या वेळी कुणी झोपेचं, दुखण्याचं, बहिरेपणाचं सोंग आणलं की म्हणतात, हा पॉसम झाला. आणि नुसतं हिणवायलाच म्हणतात असंही नाही. बाजारात खेचराचा सौदा चालू असताना जो बावळटासारखा गप्प बसतो आणि शेवटी निम्म्या भावात खेचर घेऊन जातो, त्यालाही लोक कौतुकाने पॉसमच म्हणतात.

बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, “आमच्या इमारतीत रात्री दारावर पोलिसांची थाप पडली की सगळा मजला असाच पडायचा.” मग हसल्या, मीही हसले, पण माझं हसणं अर्ध्यावरच राहिलं. “आणखी एक उदाहरण द्या,” म्हणाल्या. मी आपल्या होबार्टचं दिलं. तो विमेवाला आला होता तेव्हा होबार्ट ओसरीवर तोंडावर टोपी टाकून पडला आणि तो बिचारा तासभर टोपीशी बोलला, ते. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

आपल्या बंधुराजांचं काय चाललंय? आणि शाळेच्या मास्तरीणबाई, मिस इमोजीन, अजून रविवारी येतात का? की त्यांचाही धीर सुटला?

तुझी,
व्हेस्टा


स्लेट क्रीक, टेनेसी
१७ मार्च

प्रिय व्हेस्टा,

उदाहरण द्यायला माणूस अगदी बरोबर निवडलास. पण इथं हसायचे दिवस संपत आले आहेत, बाई.

होबार्ट दिवसभर खेचरांशी बोलतो. कोंबड्यांशी बोलतो. तंबाखूच्या रोपांशी बोलतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. परवा एका खेचराला त्याने हवामान, देश आणि माझा स्वयंपाक या तिन्हींबद्दल आपलं मत सांगितलं. पण मिस इमोजीन फाटकातून आत आल्या की यांच्या तोंडाला कुलूप. चर्चमधून त्या आमच्याकडे येतात, ओसरीवर बसतात, मी बोलते, त्या बोलतात, आणि हा आपल्या बुटाकडे असा बघत बसतो जसा बूट आत्ता काहीतरी सांगणार आहे. तुझ्या पोराचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून हे चाललं आहे. त्याचं मन तिच्यावर आहे हे स्लेट क्रीकवरच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.

आता ऐक. शाळा बंद होते आहे. मुलांना बसने तालुक्याच्या मोठ्या शाळेत नेणार म्हणे. मिस इमोजीनची बहीण फ्लोरिडात आहे, तिने तिकडे त्यांच्यासाठी मास्तरणीची जागा बघितली आहे. शाळा सुटली की त्या जाणार. हे त्यांनी गेल्या रविवारी आमच्या ओसरीवर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे नाही, होबार्टकडे बघत होत्या. अशी सोन्यासारखी संधी! “जाऊ नका,” एवढे दोन शब्द बोलायचे होते. आणि आमचे राजे? ताकाचा पेला ओठापाशी नेलेला, तो पीतही नाही, खाली ठेवतही नाही. डोळे उघडे. नुसता लाकडाचा ओंडका. त्या थांबल्या, चांगल्या थांबल्या. मग टोपी उचलून निघून गेल्या.

मी रात्री त्याला फैलावर घेतलं. झोपी गेलेल्याला उठवता येतं, पण सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

आता शेवटचा मार्ग म्हणजे शाळेचा डब्यांचा लिलाव. एप्रिलात आहे. ज्या बाईचा डबा बोलीत घेतला तिच्याच शेजारी बसून जेवायचं, तेवढी एक संधी. इतकी वर्षं होबार्ट भिंतीशी बसून एक बोट वर करतो, पाद्रीबाबा लगेच हातोडा आपटतात, बाकी कुणी मिस इमोजीनच्या डब्यावर बोली लावत नाही. मग दोघं कोपऱ्यात बसून मुकाट्याने कोंबडी खातात. यंदा तेवढ्याने भागायचं नाही. तुझं डोकं अशा उचापतींत बरं चालतं. काहीतरी सुचव.

तुझी,
ओर्फा


डेटन
२४ मार्च

प्रिय ओर्फा,

सुचलं! भांडी घासताना सुचलं.

होबार्टला सगळं फार आयतं मिळतं, तिथंच चुकतं आहे. एक बोट वर केलं की डबा पुढ्यात. मग तो कशाला तोंड उघडेल? पॉसमला उठवायचं तर काठीने ढोसलं पाहिजे. तेव्हा यंदा त्याच्या विरुद्ध बोली लावायला कुणीतरी उभं कर. आपल्याकडची चालच आहे ती, पोरीच्या यारावर सगळ्यांनी मिळून भाव चढवायचा आणि त्याला घाम फोडायचा. फक्त होबार्टवर ते कुणी आजवर केलं नाही, दया येते म्हणून. ती दयाच नडली.

पेंडीच्या दुकानातला क्लोव्हिस बरा पडेल. आवाज मोठा, मन मोठं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, कुणी गैरसमज करून घेणार नाही. त्याला सांग, होबार्ट उभा राहून सगळ्यांसमक्ष ओरडेपर्यंत भाव चढवत न्यायचा. एकदा गावासमोर उभं राहून तिच्यासाठी ओरडला की पुढचे शब्द आपोआप येतील. बाटलीचं बूचच काय ते घट्ट असतं.

होबार्टला यातलं काही कळू देऊ नकोस. आणि मला सगळं सविस्तर लिही. साबोबाईंनाही उत्सुकता लागली आहे. त्या रोज विचारतात, “पॉसम उठला का?”

तुझी,
व्हेस्टा


स्लेट क्रीक
१४ एप्रिल

प्रिय व्हेस्टा,

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बसून वाच.

शाळा भरून गेली होती. शेवटचा लिलाव म्हणून वरच्या खोऱ्यातले लोकसुद्धा आले होते. रानकांद्याचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला तो वास, आणि खिडक्या उघडायच्या तर पाऊस. मिस इमोजीनने डब्याला निळा कागद लावला होता. डबा कुणाचा हे कुणाला कळू द्यायचं नसतं, पण क्रीकवर निळा कागद दुसरं कोण वापरतं?

पाद्रीबाबांनी डबा उचलला. होबार्टने बोट वर केलं. पाद्रीबाबा हातोडा आपटणार तोच मागून क्लोव्हिस गरजला, “थांबा! मीही आहे!” सगळी शाळा वळली. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. मिस इमोजीनचे गाल लाल झाले, पण हसत होत्या. व्हेस्टा, खरंच हसत होत्या. मी मनात म्हटलं, जमलं.

होबार्टने पुन्हा बोट वर केलं. क्लोव्हिसने पुन्हा वाढवलं. मग पाद्रीबाबांना चेव आला. म्हणाले, “होब, बोटाने नाही चालायचं आता, उभा राहा आणि तोंडाने बोल! कुणाच्या डब्यासाठी एवढी धडपड, ते सगळ्यांना कळू दे!”

आणि होबार्ट थिजला. बोट तसंच वर. तोंड थोडंसं उघडं. सगळे त्याच्याकडे बघतायत, तो कुणाकडेच बघत नाही.

आता आपले लोक कसे ते तुला ठाऊक आहे. कुणीतरी ओरडलं, “पॉसम झाला रे, पॉसम! शेवटच्या क्षणी झडप घालणार बघा!” झालं, सगळ्यांना पटलं. जो तो एकमेकांना डोळे मिचकावतोय, होब्याचा डाव काय भारी म्हणतोय. पाद्रीबाबा मुद्दाम हळूहळू मोजतायत, हातोडा हवेत धरून हसतायत. क्लोव्हिसही हसतोय. त्याला वाटतंय आता होब उठेल, आता उठेल. कुणालाही, मलासुद्धा, शंका आली नाही.

तो उठला नाही. शेवटी हातोडा खाली आला. डबा क्लोव्हिसच्या नावावर गेला.

तुला आठवतं ना, याराने समोर बसून पोरीचा डबा दुसऱ्याला जाऊ दिला तर आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो? तोंडावर नकार दिल्यासारखंच. मिस इमोजीन उठल्या, ताठ मानेने क्लोव्हिसच्या शेजारी जाऊन बसल्या आणि शेवटच्या घासापर्यंत जेवल्या. त्या माउलीचं कौतुक वाटलं मला. क्लोव्हिस मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. माझ्याकडे असा बघत होता की मी बाकाखाली शिरले असते.

होबार्ट केव्हा निघून गेला ते कुणी बघितलंच नाही. पावसात चालत घरी आला. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि खेचरांना दाणा घालायला गेला.

तुझी,
ओर्फा


डेटन
२० एप्रिल

प्रिय ओर्फा,

पत्र वाचून मी इतकी संतापले की ऑर्विलला उगाच बोलून घेतलं. होबार्ट इथं असता तर कान धरून फ्लोरिडाच्या गाडीत बसवला असता. एवढी चांगली बाई, एवढी वर्षं वाट बघते, आणि याला सोंगं सुचतात!

हे इतकं लिहून मी पत्र तसंच ठेवलं होतं, कारण साबोबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून, बोट वर धरून. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हा प्राणी सोंग घेतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “सगळ्यांना ठाऊक आहे.”

“सगळ्यांना म्हणजे कुत्र्यांना आणि माणसांना,” त्या म्हणाल्या. “प्राण्याला कुणी विचारलं का? दारावर थाप पडायची तेव्हा आम्ही ठरवून गप्प पडत नव्हतो. माझा नवरा मला हलवायचा आणि मला हलता यायचं नाही. ऐकू सगळं यायचं.” मग भाषेचा धडा तसाच टाकून घरी गेल्या.

ओर्फा, तेव्हापासून मला एकच गोष्ट आठवते आहे. खेचर सुटून घेवड्याच्या वाफ्यात शिरलं होतं तो दिवस. होबार्ट सातआठ वर्षांचा. बाबा गरजत आले, “फाटक कुणी उघडं टाकलं?” आणि होबार्ट जिथं होता तिथंच उभा. बाबा म्हणाले, “माझ्यासमोर पॉसम करतोस?” आणि हेझलच्या झुडपाची ओली छडी तोडली. तू मला दुधाच्या कोठडीमागे ओढलंस आणि माझे कान झाकलेस. पण डोळे झाकले नव्हतेस. त्याच्या पोटऱ्या फुटल्या, ओर्फा. आणि त्याची पापणी हलली नाही.

सोंग घेणारं पोर पहिल्या फटक्याला पळालं असतं.

मी भांडी घासता घासता हे सुचवलं तुला. ढोस म्हणाले, काठीने. मला आज जेवण गेलं नाही.

व्हेस्टा


स्लेट क्रीक
२९ एप्रिल

व्हेस्टा,

तुझ्या त्या परदेशी बाई शहाण्या असतील, पण त्यांनी होबार्टला कधी बघितलेलं नाही आणि पॉसमलाही नाही. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली. पुढल्या महिन्यात थडगी साफ करून फुलं वाहायचा रविवार आहे, आणि अशा वेळी तू हे उकरून काढतेस. बाबा कडक होते, पण आपल्याला उपाशी ठेवलं नाही त्यांनी.

होबार्टला भीती कसली वाटायची? बैलाच्या शिंगांना हात घालणारा माणूस आहे तो. इमोजीन टटल त्याला खाणार आहे का?

इथली हकिकत विचारशील तर बरी नाही. क्लोव्हिसला त्या डब्यातली कोंबडी फारच आवडली असावी. दोन रविवार तो चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसला आणि परवा गाडीतून त्यांना तालुक्याला सामान आणायला घेऊन गेला. मी होबार्टला सांगितलं. सकाळी सांगते, दुपारी सांगते, ताट वाढताना सांगते. पाद्रीबाबांना बोलावलं, त्यांनीही दोन तास समजावलं. क्लोव्हिस भला माणूस, तो स्वतः येऊन म्हणाला, “होब, तू बोलणार असशील तर मी बाजूला होतो, पण बोल की लेका!” सगळा क्रीक त्याच्यामागे लागला आहे. आणि हा दिवसेंदिवस जास्तच मुका होत चालला आहे. आता खेचरांशीही बोलत नाही.

जेवतही नाही नीट.

ओर्फा


डेटन
६ मे

प्रिय ओर्फा,

रागावू नकोस. मी बाबांना नावं ठेवत नाही. पण तू शेवटची ओळ वेगळी, एकटीच लिहिली आहेस, तेव्हा तुलाही काहीतरी दिसलं असणार.

एकच कर. त्याला काही सांगू नकोस. पाद्रीबाबांना, क्लोव्हिसला, सगळ्यांना सांग, पुरे. मला ठाऊक आहे, तुला गप्प बसायला सांगणं म्हणजे नदीला थांब म्हणण्यासारखं आहे. तरी करून बघ. थोडे दिवस.

तुझीच,
व्हेस्टा


स्लेट क्रीक
१८ मे

प्रिय व्हेस्टा,

मी गप्प बसले. विश्वास बसणार नाही तुझा. जीभ चावून चावून गप्प बसले. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

काल दुपारी मिस इमोजीन आल्या. लिलावानंतर पहिल्यांदाच. फ्लोरिडाला जायच्या आधी माझी केकची भांडी परत करायची होती. हाच दिवस निवडून होबार्ट मक्याच्या कोठीखालच्या जुन्या फळ्या काढत होता, आणि फळ्यांखाली एक पॉसमीण झोपलेली निघाली. पाठीवर पिल्लं. आपला कुत्रा ब्यूगल तिच्यावर तुटून पडला. एक हिसका दिला आणि ती पडली. जीभ बाहेर, डोळे उघडे, वास सगळ्या अंगणात. मी फावडं घेऊन धावले. कोंबड्यांची शत्रू ती.

होबार्ट म्हणाला, “ओर्फा, फावडं ठेव.”

इतक्या शांतपणे म्हणाला की मी ठेवलं. त्याने ब्यूगलला मानेला धरून कोठारात कोंडलं. मिस इमोजीन फाटकापाशीच थांबल्या होत्या, हातात भांडी. त्या म्हणाल्या, “हिचं सोंग तर अगदी हुबेहूब आहे.”

आणि होबार्ट बोलला! त्यांच्याकडे न बघता, त्या जनावराकडे बघत, पण बोलला. “सोंग नाही ते, मिस टटल. तिच्या हातात नसतं. भीती फार झाली की तिचं अंगच बंद पडतं. तिने कितीही ठरवलं तरी उठता येत नाही. लोक हलवून बघतात, ढोसतात, त्याने आणखी वेळ लागतो. कुत्रा लांब न्यायचा आणि आपण बघायचं नाही. मग येते ती आपली आपण.”

खेचरं सोडली तर कुणाशी एवढं लांबलचक बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. मिस इमोजीननी भांडी कुंपणाच्या खांबावर ठेवली. म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी शाळेत...”

आणि तो थिजला. माझ्या डोळ्यांदेखत, हातात फळी धरून. मी ह्या वेळी त्याचा चेहरा नीट बघितला, व्हेस्टा. मी आयुष्यभर त्याच्या जवळ राहिले आणि कधी नीट बघितला नव्हता. सातआठ वर्षांचा होबार्ट होता तो. तू लिहिलंस ते खरं आहे. तुझ्या साबोबाईंना सांग, त्यांचं बरोबर आहे.

माझ्या तोंडाशी आलं होतं, “अरे बोल ना!” तेवढ्यात मिस इमोजीन हलक्या आवाजात म्हणाल्या, “ओर्फा, तू जरा घरात जातेस का?”

कोठारात एक कुत्रा कोंडला होता, आता दुसरा घरात. मी गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, हे कबूल करते, संत नाही मी. मिस इमोजीननी ओसरीवरची पालथी बादली घेतली, त्याच्याकडे पाठ केली आणि बसल्या. माझी मटाराची टोपली तिथंच होती. त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. वळून बघितलं नाही, घसा खाकरला नाही, काही नाही. टोपली अर्धी झाली. माझे पाय दुखायला लागले. तिकडे पॉसमीण आधी कान हलवू लागली, मग उठली, पिल्लं सावरली आणि बाईसाहेब कुंपणाखालून निघून गेल्या. मिस इमोजीन आपल्या सोलतच होत्या.

मग होबार्टने फळी खाली ठेवली. चालत त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले, बराच वेळ हलले. त्यांनी सोलणं थांबवलं.

आणि काय बोलला ते मला ऐकू आलं नाही! खिडकी बंद होती!

तुझी,
ओर्फा


डेटन
२३ मे

ओर्फा!

खिडकी बंद होती म्हणजे काय? जन्मभर तू त्या खोऱ्यातलं प्रत्येक कुजबुजणं ऐकलंस आणि नेमकी याच वेळी खिडकी बंद? ऑर्विल म्हणतो, हे पत्र चौकटीत लावून ठेवू. साबोबाई रडल्या, पण चांगल्या रडल्या.

काय बोलला? त्याने तुला सांगितलं का? त्या काय म्हणाल्या? त्या जाणार की राहणार? उलट टपाली कळव. या उत्सुकतेपायी मी तीन कप फोडले आहेत.

व्हेस्टा

ता. क. विचारू नकोस त्याला. वाट बघ. (पण लवकर कळव.)


स्लेट क्रीक
८ जून

प्रिय व्हेस्टा,

मी विचारलं नाही. काल न्याहारीला त्याने आपण होऊन सांगितलं. पूर्ण वाक्यांत.

इमोजीन गेल्या मंगळवारी फ्लोरिडाला गेली. नोकरी धरायलाच हवी होती, आणि बहिणीला शब्द दिला होता. (आता तिला इमोजीनच म्हणते, तिनेच सांगितलं तसं.) बसच्या थांब्यावर होबार्टने तिची पेटी उचलली आणि पाद्रीबाबांच्या बायकोसमोर तिचा हात धरला. त्यावरून क्रीकवर अजून दोन हिवाळे चर्चा चालेल. क्लोव्हिसही निरोप द्यायला आला होता. होबार्टच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पायरीवर आदळला.

आणि तंबाखू काढून कोठारात टांगून झाला की होबार्टही तिकडे जाणार. लग्न तिच्या बहिणीच्या घरी. तिकडे संत्र्यांच्या बागा आहेत, खेचरांचं कळणारा माणूस त्यांना हवाच असतो म्हणाला. जमीन क्लोव्हिस कसायला घेईल. हे सगळं त्याने मला अंडी खाता खाता सांगितलं. अंगणात ती सोलत बसली असताना त्याने तिला “जाऊ नका” म्हटलंच नव्हतं. “मी येऊ का?” असं विचारलं होतं.

व्हेस्टा, इतकी वर्षं मी देवाकडे हेच मागत होते. आनंदाने ओरडायला हवं होतं मी. माझ्या हातात कॉफीची किटली होती. ती धरून मी उभी राहिले आणि मला एक शब्द बोलता येईना. तो बोलत होता ते ऐकू येत होतं, घड्याळ ऐकू येत होतं, बाहेर कोंबडी अंड्यावर बसायला कुरकुरत होती तेही ऐकू येत होतं. जीभ मात्र माझी नव्हती. माझी, व्हेस्टा! माझी जीभ!

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, “अगं, काय झालं? बोल ना.” तो म्हणाला नाही. उठून किटली माझ्या हातातून काढून चुलीवर ठेवली, आणि दारात जाऊन बाहेर बघत खोगिराचा पट्टा शिवत बसला. केवढा वेळ गेला कोण जाणे. मग मला माझा हात हलवता आला.

मी म्हटलं, “कोंबड्या इथंच राहतील.”

तो म्हणाला, “राहू दे.”

“आणि पत्रं तू स्वतः लिहायची. तिच्या हातची चालणार नाहीत मला.”

“लिहीन.”

मग तो वळला आणि विचारलं, “ओर्फा, तुला इथं एकटीला जमेल ना?”

मला या घरात एकटीने राहायची भयंकर भीती वाटते, व्हेस्टा. आई गेली तेव्हापासून वाटते. हे त्याला कळलं तर तो जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी बाह्या सरसावून भांड्यांकडे वळले आणि म्हटलं, “मला काय धाड भरली आहे? उलट जरा शांतता मिळेल.”

त्याचा विश्वास बसला. शीळ घालत खेचरांकडे गेला.

हे मात्र सोंग होतं. चांगलं वठलं. त्याला कधी सांगू नकोस.

तुझी,
ओर्फा